तुयेचे पाळीपत्रक

लहान नगरांच्या समाजशास्त्रात रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्याचा ‘मिडलटाउन’ हा 1929 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ मूलभूत मानला जातो. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मन्सी या, काचेच्या बरण्यांसाठी ख्यात असलेल्या कारखानदारी गावात 1924-25 मध्ये मुक्काम ठोकून या दांपत्याने तेथील लोकांचे जगणे सहा कप्प्यांत विभागले: उपजीविका मिळवणे, घर चालवणे, मुलांना शिकवणे, फुरसत घालवणे, धर्म पाळणे आणि सार्वजनिक कामांत भाग घेणे. हिवाळ्यात सकाळी सहाच्या सुमारास तेथील रस्त्यांवरून फिरले असता ज्या घरांत दिवा दिसतो ती बहुधा कामगारांची आणि जी काळोखात असतात ती धंदेवाल्यांची, असे एक सोपे गमकही त्यांनी नोंदवून ठेवले आहे. हे सहा कप्पे आणि हे गमक पुढे विद्यापीठांतून सुखाने नांदले, याचे एक कारण असे असावे की लिंड दांपत्याला पेडणे तालुक्यातील तुये या गावी येण्याचा योग कधी आला नाही.

तुये हे गोव्याच्या उत्तर टोकाकडचे, शापोरा नदीच्या उत्तरेचे गाव असून पलीकडच्या तीरावर बार्देश तालुक्यातले कामुर्ली लागते. दोहोंना जोडणारी फेरीबोट, म्हणजे माणसे व दुचाक्या एकाच फळीवरून चढवून घेणारी सपाट तळाची सरकारी होडी, ही नदी ओलांडण्याचे साधन असली तरी तिचा खरा उपयोग, अर्ध्या गावाची खबर उरलेल्या अर्ध्या गावाला पोहोचवणे हाच आहे. शेते, माड आणि काजूचे डोंगर यांच्या जोडीला तुयेत औद्योगिक वसाहत आहे. 1966 साली स्थापन झालेल्या गोवा औद्योगिक विकास महामंडळाने राज्यभर ज्या वसाहती वसवल्या त्यांपैकी ही एक. वसाहत म्हटली की कारखाने आले, कारखाने म्हटले की पाळ्या आल्या, आणि पाळ्या म्हटल्या की पाळीपत्रक आले. पाळीपत्रक म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या वेळी कोण कामावर हजर राहील हे महिनाभर आधी सांगणारा तक्ता. तुयेच्या संदर्भात मात्र त्याची गणना ललित वाङ्मयात करावी लागते.

लिंड यांचे गमक येथे पहिल्याच पहाटे निकामी होते. तुयेत सकाळी सहाला ज्या घरात दिवा दिसतो त्या घरातला माणूस पहिल्या पाळीला निघालेला असू शकतो, रात्रभर दशावतार पाहून नुकताच परतलेला असू शकतो, आश्विन महिन्यात नरकासुराचा पुतळा जाळून अंगावरची काजळी धूत असू शकतो, किंवा पोदेराच्या, म्हणजे सायकलच्या मागे टोपली बांधून दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याची वाट पाहत नुसताच सोप्यावर बसलेला असू शकतो; आणि शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची गोष्ट अशी की हे चौघे मिळून एकच माणूस असू शकतो.

या अभ्यासातला मध्यवर्ती जीव म्हणजे बाहेरून बदली होऊन आलेला व्यवस्थापक. तो सहसा मोठ्या शहरातून येतो, येताना संगणकात तयार झालेले पाळीपत्रक घेऊन येतो आणि ते सूचनाफलकावर चार टाचण्यांनी लावतो. पहिला महिना काही होत नाही, कारण लोक त्याचे निरीक्षण करत असतात. त्याच्या मुलांची नावे, पत्नीचे माहेर आणि तो मासे खातो की नाही या तीन गोष्टी निश्चित झाल्यावरच गाव त्याच्याशी मोकळेपणाने वागू लागते, आणि मोकळेपणाने वागणे याचा अर्थ रजा मागणे असा होतो.

व्यवस्थापकाची पहिली परीक्षा चतुर्थीला होते. गणेशोत्सव त्याने शहरात पाहिलेला असतो; सकाळी पूजा, दुपारी मोदक आणि संध्याकाळी मंडळांचे देखावे एवढा तो अनुभव असल्यामुळे, पाळीपत्रकात एक दिवसाची सुटी आणि दुसऱ्या दिवशी ‘शक्यतो वेळेवर यावे’ अशी सूचना दाखल करून तो निश्चिंत होतो. माटोळी या संस्थेची त्याला कल्पना नसते. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायचा लाकडी चौकटीचा मांडव, ज्याला रानातली व परसातली फळे, फुले आणि भाज्या बांधायच्या असतात: सुपारीचे घोस, नारळाची पेंड, चिबूड, आंबाडे, तोरंजन, लालभडक कवंडळे आणि जी वनस्पतिशास्त्रज्ञांना ठाऊक असतील पण शहरातल्या व्यवस्थापकांना नसतात अशी अनेक. याबाबत कार्यालयात होणारा संवाद दरवर्षी साधारण सारखाच असतो.

“माटोळी बांधायला किती वेळ लागतो?”

“अर्धा दिवस, सर.”

“मग आधीचे तीन दिवस कशाला?”

“शोधायला.”

“बाजारात मिळत नाही का?”

“मिळतं की. म्हापशाच्या बाजारात सगळं मिळतं. पण मग शेजारी म्हणतात, विकत आणली.”

या शेवटच्या वाक्यापुढे व्यवस्थापनशास्त्राची मात्रा चालत नाही, कारण शेजाऱ्यांच्या मताला भरपगारी वा बिनपगारी अशी कोणतीच रजा पुरत नाही. पुढे गणपती बसतो तो मूळ घरात, जेथे वर्षभर एकमेकांशी न बोलणारे भाऊ त्या दिवसांत एका पंगतीला बसतात; दीड दिवसांचा आपला गणपती पोहोचवून झाला की पाच दिवसांचा सासुरवाडीचा असतो, सात दिवसांचा मामाचा असतो, आणि रोज रात्री वाड्यातल्या घराघरांतून घुमटावर आरत्या व्हायच्या असतात. घुमट हे मडक्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेले वाद्य असून 2019 साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली आहे. कारखान्यातल्या हजेरीपटापेक्षा या आरत्यांची हजेरी फार कडक असते: कारखान्यात दोन दिवस दांडी मारली तर दोन दिवसांचा पगार कापला जातो आणि विषय मिटतो, शेजाऱ्याच्या आरतीला एक रात्र चुकली तर ती पुढच्या चतुर्थीपर्यंत लक्षात ठेवली जाते आणि योग्य त्या पंगतीत उच्चारली जाते.

व्यवस्थापक सावरतो तोच नवरात्र, कोजागरी आणि नरकासुर येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ नाटकांचा हंगाम. पेडणे तालुक्यात नाटकांचे दोन ठळक प्रकार आढळतात. दशावतार हे मध्यरात्रीच्या आगेमागे सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारे, लिखित संहिता नसलेले, स्त्रीभूमिकाही पुरुषांनीच करावयाचे पौराणिक नाटक असून दहीहंडीने त्याचा शेवट होतो म्हणून लोक त्याला ‘कालो’ म्हणतात. दुसरा प्रकार उत्सवी नाटकाचा: देवळाच्या उत्सवात गावच्या हौशी मंडळींनी करावयाचे, संहिता पाठ करून उभे राहायचे मराठी नाटक, ज्यात ऐतिहासिक विषयाला विशेष मान असतो. पहिल्या प्रकाराने कामगाराची एक रात्र जाते. दुसऱ्याने महिना जातो, कारण तालमी असतात.

येथे एका कारखान्याच्या फाटकावरील पहारेकऱ्याचे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. हा गृहस्थ स्वभावाने मवाळ, आवाजाने बारीक आणि गणवेशाच्या दृष्टीने दोन मापे कमी होता. परंतु उत्सवी नाटकात त्याला औरंगजेबाची भूमिका मिळाली. त्याच्या रजेच्या अर्जावर ‘कारण’ या रकान्यात ‘औरंगजेब’ एवढाच शब्द होता, आणि व्यवस्थापकाने तो आजाराचे नाव समजून मंजूर केला. मात्र रजा चारच दिवसांची आणि तालमी महिन्याभराच्या असल्यामुळे उरलेला औरंगजेब फाटकावर बसून पाठ होऊ लागला. आल्यागेल्याची नोंदवही तो डाव्या हाताने उघडी आणि उजवा हात जपमाळ ओढत असल्यासारखा हलत राही. कच्चा माल घेऊन आलेल्या एका ट्रकचालकाला त्याने खुर्चीवरून न उठता, डोळे अर्धे मिटून विचारले, “दख्खनेतून काय खबर?” ट्रक कोल्हापूरहून आला असल्यामुळे प्रश्न तसा गैरलागू नव्हता, चालकानेही आंबोली घाटात दरड आल्याची खबर दिली आणि ती नोंदवहीत ‘माल’ या रकान्यात लिहिली गेली.

नाटकाच्या रात्री व्यवस्थापकाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, शाल मिळाली आणि पाळीपत्रकातली दुसरी व तिसरी पाळी संपूर्णपणे रंगमंचावर पाहण्याची संधीही मिळाली. यंत्राच्या चार कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या हे भिंतीवर लिहून ठेवूनही ज्याच्या लक्षात राहत नव्हते, तो कामगार अडीच पानी स्वगत एका दमात म्हणून गेला. पॅकिंग विभागात ज्यांचे आपसात पटत नसल्यामुळे वेगवेगळ्या पाळ्या लावाव्या लागत, ते दोघे जिवाला जीव देणारे मावळे झाले होते. प्रकाशयोजना कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनकडे होती आणि तो दोन दिवस तापाने फणफणला असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र व्यवस्थापकाच्या खिशातच होते. मध्यंतरात चहा देताना तोच म्हणाला, “सर, हाय वोल्टेज आहे, जरा लांब बसा.”

स्त्री-कामगारांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आणि अधिक गूढ आहे. पौषात धालो असतात. धालो म्हणजे वाड्यातल्या मांडावर, म्हणजे सारवून राखलेल्या ठरावीक अंगणात, बायकांनी ओळी करून सलग काही रात्री गायची-नाचायची गाणी. त्यांच्याशिवाय घर, मुलांची शाळा, बचतगट आणि सासूबाईंचा डॉक्टर ही खाती कायमचीच असतात. तरीही बायका रजेचे अर्ज देत नाहीत. त्या आपसात पाळ्या बदलतात: हिच्या पहिल्या पाळीला ती, तिच्या दुसऱ्या पाळीला हिची जाऊ, आणि जावेच्या जागी पुन्हा ही. महिनाअखेरीस कोण कोणत्या दिवशी आले होते हे हजेरीपट, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक यांपैकी कोणालाच सांगता येत नाही; उत्पादन मात्र पूर्ण भरलेले असते. एका व्यवस्थापकाने ही पद्धत समजावून घेण्याचा यत्न केला. दोन जणींनी मिळून त्याला ती समजावून सांगितली, आणि त्यानंतर त्याने विचारणे सोडले.

फाल्गुनात शिगमा आणि त्यातले रोंबाट, म्हणजे ढोलताशांच्या गजरात गावभर फिरणारी मिरवणूक, एवढ्यात उरकून पुढे जावे, कारण त्या दिवसांत पाळीपत्रकाकडे कोणी पाहतच नाही. मार्च ते मे हा काजूचा हंगाम. बोंडे पडली की ती त्याच दिवशी वेचावी लागतात, मळावी लागतात आणि रस भट्टीवर चढवावा लागतो. पहिल्या धारेच्या उर्राकाचे आयुष्य थोडे असते आणि ते वाया जाऊ नये म्हणून जो तो आपापल्या परीने झटतो, ज्याचा परिणाम दुसऱ्या पाळीच्या अचूकतेवर दिसून येतो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की चढणीचे मासे, म्हणजे ओहोळातून उलट्या दिशेने शेतांकडे चढणारे गोड्या पाण्यातले मासे, रात्री बॅटरीच्या उजेडात धरायचे असतात. हा पाऊस कोणत्या रात्री पडेल हे वेधशाळेला सांगता येत नाही, पण तिसऱ्या पाळीतल्या रिकाम्या खुर्च्या पाहून कळते.

आता प्रश्न असा, की एवढे सगळे करणारी माणसे कामचुकार आहेत काय? लिंड यांच्या पद्धतीने हे ठरवायचे तर प्रश्नावली लागते. अशी प्रश्नावली घेऊन गावात हिंडणाऱ्या अभ्यासकांचा (प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो) अनुभव असा, की उत्तरदात्याचे नाव या पहिल्या रकान्यापलीकडे काम सरकत नाही. सोप्यावर तांदूळ निवडत बसलेल्या वृद्धेला ‘कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती’ असे विचारले असता ती उलट विचारते, “तुमी खंयचे?” त्याचे उत्तर दिले की आडनाव, मग आईचे माहेर, मग “लग्न जालां?”, मग नोकरी सरकारी की खासगी, आणि खासगी म्हटल्यावर एक दीर्घ उसासा. अर्ध्या तासाने अभ्यासक उठतो तेव्हा त्याच्या हाती चहाचा रिकामा पेला असतो आणि वृद्धेकडे त्याच्या तीन पिढ्यांची माहिती, जी संध्याकाळच्या फेरीने कामुर्लीला पोहोचते. लिंड दांपत्याला मन्सीत दीड वर्ष लागले ते काम येथे एक आजी तांदळातले खडे काढता काढता पुरे करते, आणि तेही अनुदानाशिवाय.

त्या उसाशाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तुयेच्या वसाहतीत नोकरी करणारा कोणीही तेथे नोकरी करत नसतो. तो तेथे ‘सध्या’ असतो. खरी नोकरी सरकारी, तिचा अर्ज भरलेला, मुलाखत झालेली किंवा होणार असलेली, आणि कोणाकडे तरी शब्द टाकलेला. असे ‘सध्या’ असलेले लोक कारखान्यात रौप्यमहोत्सवी वर्षात पदार्पण करतात, फोरमन होतात, निवृत्त होतात, आणि निरोपसमारंभाच्या भाषणातही आपल्याला वीजखात्यात घेणार होते हे नमूद करतात. मोपाच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागल्यावर या ‘सध्या’ला नवा पर्याय मिळाला. गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेली मुले आता पहाटे वसाहतीऐवजी मोप्याची वाट धरतात. मात्र तेथेही पाळीपत्रक असल्याचे आणि विमाने चतुर्थीला थांबत नसल्याचे समजल्यावर काहींचा भ्रमनिरास झाल्याचे ऐकिवात आहे.

वाट पाहण्याची ही तयारी गावाने देवाकडून घेतली की सरकारकडून, हे ठरवणे कठीण. पेडण्याची पुनव प्रसिद्ध आहे. कोजागरीच्या सुमारास भगवतीच्या देवळापाशी भरणाऱ्या या उत्सवात रवळनाथ व भूतनाथ या देवांची तरंगे, म्हणजे उंच दांड्याला वस्त्रे गुंडाळून केलेली देवचिन्हे, बाहेर निघतात. स्वतःचे देऊळ नसलेला भूतनाथ ते एका रात्रीत बांधून द्यावे म्हणून रुसून रानाकडे धावत सुटतो, भक्त त्याच्यामागे धावतात, बांधून देण्याचे आश्वासन देतात, आणि देव समजूत घालून घेऊन परत येतो. पुढच्या वर्षी मागणी तीच असते, धावणे तेच असते आणि आश्वासनही तेच असते. तुयेच्या नागरिकांना या प्रथेत काही अतिशयोक्त वाटत नाही. त्यांच्या गावात नव्या रुग्णालयाची इमारत उभी राहिली, आणि ती पूर्णपणे चालू कधी व्हायची यावर सभा, निवेदने आणि आंदोलने होत वर्षे गेली. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांचा समूह, ज्याला लोक कौतुकाने ‘इलेक्ट्रॉनिक सिटी’ म्हणतात, त्याच्या घोषणा ऐकत एक पिढी दहावीतून पदवीपर्यंत पोहोचली. भूतनाथ निदान वर्षातून एकदा धावतो तरी. मतदार पाच वर्षे एका जागी बसून असतो.

दोन-तीन वर्षे अशी काढल्यावर व्यवस्थापकात एक बदल दिसू लागतो. तो मासळीच्या भावाविषयी बोलतो, सोमवारी मासे खात नाही, आणि पाळीपत्रक संगणकाऐवजी कालनिर्णय समोर ठेवून पेन्सिलीने आखतो. याच अवस्थेतल्या एका व्यवस्थापकाने अखेर शास्त्रशुद्ध मार्ग काढायचे ठरवले: गावाच्या तारखा आधीच समजल्या तर पाळीपत्रक त्यांच्याभोवती बेतता येईल, या विचाराने तो थेट देवळाच्या उत्सव समितीच्या चिटणीसाकडे गेला. चिटणीस सोप्यावर वही उघडून, डोक्याला हात लावून बसले होते.

“यंदाच्या नाटकाची तारीख आणि तालमींचे दिवस आत्ताच मिळाले तर फार बरं होईल,” व्यवस्थापक म्हणाला.

“कुठून देऊ, सर?” चिटणीस म्हणाले. “अर्धे नट तुमच्याकडे. तुमची शिफ्ट लागल्याशिवाय आमची तालीम ठरत नाही. मीच तुमच्याकडे येणार होतो.”

“पण तुमची तालीम ठरल्याशिवाय माझी शिफ्ट लागत नाही.”

दोघांनी बराच वेळ एकमेकांच्या वहीकडे पाहिले. शेवटी असे ठरले की दोन्ही वेळापत्रके जो तोंडपाठ जाणतो त्यालाच विचारावे, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावणे धाडले. तो आला, दोन्ही वह्या त्याने हाती घेतल्या, आणि औरंगजेबाला शोभेल अशा संथपणाने त्या मिटून परत केल्या.

“सर,” तो म्हणाला, “पयली चवथ जांव दी.”